पायाला चिकटणारी तांबडी माती

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा मला मनापासून कंटाळा आहे. परभणीला कुठल्यातरी सभागृहात तीन दिवस बसायचं, पडद्यावरची चित्रं बघायची, चहा प्यायचा आणि हजेरीवर सही ठोकून परत यायचं. वीस वर्षं हेच केलं. त्यामुळे यंदा प्रशिक्षण देणाऱ्या पंकजा मॅडम म्हणाल्या की भूगोल शिवारात शिकायचा, खडक-माती हातात घेऊन, तेव्हा मी आधी तोंडच वाकडं केलं. वर आमच्या पेडगावात थर उघडे दिसतील अशी न बांधलेली विहीर शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी सरळ मुंजाजीमामांचं घर गाठलं.

मामांनी चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. आम्ही पोरांना 'अग्निजन्य खडक' एवढं शिकवून मोकळे होतो. मामांच्या तोंडी मात्र काळी माती, मुरूम, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, त्याखाली तांबडं, मग काळा पाषाण अशी अख्खी उतरंड पाठ. सुरुंग उडाला की दुसऱ्या सकाळी ते आधी एकटे खाली उतरत आणि भिंतीवर हातोडीनं ठोकत फिरत. याला ते 'खडकाला इचारनं' म्हणत. ठण्ण आवाज आला तर माणसं खाली उतरायची, बद्द आला तर नाही. हा मान पुरुषांचाच. बायांनी हातोडीला हात लावायचा नाही, तळाशी टोपली भरायची.

त्यांची बायको बायनाबाई तळाशीच गेली. अकरा वर्षं झाली, चैत्र होता. मांजऱ्याचा मोठा धोंडा सुटून तिच्या अंगावर आला. विसरलेलं फावडं आणायला ती कोणाला न सांगता खाली उतरली, असं मामांनी सगळ्यांना सांगितलं. पंचनाम्यातही तेच आलं. नंतर ती विहीर तशीच पडून राहिली आणि मामांनी पुन्हा हातोडी उचलली नाही.

मामांनी प्रशिक्षणासाठी नेमकी तीच विहीर सांगितली. मी नको म्हणालो, तर म्हणाले, दुसरी नकोच. त्यांना मॅडमना एकच गोष्ट विचारायची होती. त्या सकाळी खडक चांगला ठणठणीत बोलला होता, मग पडला कसा? ठोकताना आपलंच काही चुकलं का? अकरा वर्षं हा माणूस या प्रश्नापाशी अडून बसला होता. मी म्हणालो, विचाराच, मोकळे व्हाल. न मागता सल्ला द्यायची आम्हा मास्तरांना खोडच असते.

त्या दिवशी आम्ही बावीस मास्तर-मास्तरणी विहिरीपासून चार हात लांब, दोरीच्या अलीकडे उभे होतो. पंकजा मॅडमनी कोणाला काठावर जाऊ दिलं नाही. समोरच्या भिंतीतला तांबडा पट्टा दाखवून त्या सांगू लागल्या. लाव्हाचा एक थर पसरला, निवाला, मग फार मोठा काळ मध्ये गेला. तेवढ्या काळात त्याच्या माथ्याची माती झाली. त्यावर दुसरा लाव्हा येऊन बसला आणि ती माती भाजून आत दबली. वीस वर्षं भूगोल शिकवून हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली.

मग मामांनी त्यांचा प्रश्न विचारला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. ठोक्याला फक्त समोरचा खडक उत्तर देतो, त्या म्हणाल्या. खालचं तांबडं भिजून सरकायला लागलं तरी वरचा खडक शेवटपर्यंत ठणठणीतच वाजतो. आवाजावरून ते कोणालाच कळलं नसतं, तुमच्या ठोक्यात चूक नव्हती. मामांनी हात जोडले. खरं सांगतो, मला मनातून फार बरं वाटलं.

पण प्रशिक्षण हातानं करायचं होतं. विहिरीतून काढलेल्या मातीचा ढीग अजून बाजूला पडून होता. मॅडमनी त्यातली तांबडी ढेकळं उचलली, पाणी घातलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर गोळा ठेवला. कोरडं असताना भुरभुरीत, भिजलं की चिकट. धोका ओळखायचा तो इथं. मामांनीही गोळा घेतला आणि बराच वेळ बोटांत चोळत राहिले.

"पायाला चिकटायलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर हातातलं टाकून लगेच वर यायचं," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या गटाकडे वळल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना!

मामा बांधावर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. बायनाबाई काही फावडं आणायला उतरली नव्हती. त्या सकाळी खडक बोलल्यावर त्यांनीच तिला खाली नेलं होतं. दोन टोपल्या भरल्यावर ती म्हणाली होती की तांबडं मऊ पडलंय, पायाला चिकटायलंय, वर जाऊ. मामांनी तिला गप भर म्हणून दटावलं आणि स्वतः पाणी प्यायला वर आले. पाठोपाठ धोंडा सुटला.

"फावड्याचं म्या रचलं, गुरुजी," ते म्हणाले. "लोकाला काय सांगावं, कळंना."

मामांनी सेलूला फोन लावायला सांगितला. तिथं त्यांची लेक भक्ती दिलेली आहे. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मी म्हणालो, घरी जाऊन सावकाश बोला. त्यांनी ऐकलं नाही. सुरुंगांनी त्यांचे कान गेलेत, म्हणून मी आवाज मोठा करून फोन त्यांच्यासमोर धरला.

"भक्ती, तुझी माय वर जाऊ म्हनली व्हती," मामा म्हणाले. "तांबडं चिकटायलंय म्हनली व्हती. म्या ऐकलं न्हाई तिचं."



"मला म्हाईत हाय, आबा," ती म्हणाली. "मी काठावरच व्हते. मला समदं ऐकू आलं व्हतं."

अकरा वर्षं ही लेक दर दिवाळीला बापाला न्हाऊ घालत होती, त्यांच्या तोंडून फावड्याची गोष्ट ऐकत होती आणि मान हलवत होती. तिकडून तिनं विचारलं, "जेवलाव का तुमी?" मामांनी फोन माझ्याकडे लोटला. शेवटी मीच हो म्हणालो.