लग्नाचा काठ

मोहाडीहून प्रफुलच्या वडिलांचा, नत्थूकाकांचा, फोन आला तेव्हा मी शहापूरच्या माझ्या दुकानात कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला छापत होतो. "प्रफुल गेला, बापू. ये लवकर," एवढंच म्हणाले. फोन ठेवायचं त्यांना सुचलं नाही. मागून हातमागाचा आवाज येत नव्हता. त्या घरून फोन आला आणि माग बंद, असं आजवर कधी झालं नव्हतं...

प्रफुल माझा शाळेपासूनचा दोस्त. घर कोसा रेशीम विणणाऱ्यांचं, पण हा मागावर कधी बसला नाही. लहानपणापासून सिकलसेलचा आजार, थंडी पडली की हात सुजायचे. "मागावर हात नाही चालत बे, माऊसवर चालते," म्हणायचा. कॉम्प्युटरवरच्या खेळांतल्या वस्तूंना तो नवं रंगरूप द्यायचा आणि ते जगभरातली पोरं फुकटात उतरवून घ्यायची. त्याचा केवढा तोरा! मी सोबत शिकलो, पण चित्रकला त्याची, किचकट जोडणी माझी.

त्यांच्या घराण्याचा एक काठ आहे. तांबड्यावर पिवळे करवतीचे दाते, दात्यांमध्ये धानाची लोंबी. तो विकत नाहीत. घरातल्या पोराच्या लग्नासाठी बाप स्वतः त्या काठाचा शेला विणतो, बस्स. प्रफुलनं मागच्या वर्षी तोच काठ खेळातल्या लोखंडी चिलखतावर रंगवला. सुरेख दिसत होता. पण त्यानं नवी वस्तू केली नव्हती, जुन्या चिलखताचं चित्रच बदललं होतं. त्यामुळे खेळात जिथं जिथं ते चिलखत, तिथं तो काठ... पहारेकऱ्यांच्या अंगावर, चोरांच्या अंगावर, गुहेत मरून पडलेल्यांच्या अंगावरही.

एकदा काकू, त्याची आई, चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे पाहतच राहिल्या. "मेलेल्याच्या आंगावर लगनाचा काठ काहून घातला रे?"

प्रफुलनं ते हसण्यावारी नेलं नाही. मला लगेच फोन केला. "मले हे अलग करून दे. एकट्याची वस्तू. बाकीच्यांच्या आंगावरून काठ काढ."

"देतो ना बे, आठ दिवस थांब."

माझी बोलाचीच कढी. दुकानात फॉर्मांची गर्दी, आठाचे साठ झाले. तिकडे नत्थूकाकांनी शेला मागावर चढवला होता. स्थळ ठरलं नव्हतं, पण सूत चांगलं मिळालं म्हणून. इकडे प्रफुल मला खेळातल्या प्रेतांचे फोटो पाठवायचा. 'आजचा पाचवा.' 'आजचा नववा.' मी हसरा चेहरा पाठवून मोकळा. शेवटचा फोटो आला तो दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी. खाली लिहिलं होतं, 'हा माह्यासारखा दिसते बे.' मी त्यालाही हसरा चेहराच पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, आणि मला स्वतःची शिसारी येते.

मी पोचलो तेव्हा त्याला अंगणात आणलं होतं. नत्थूकाका आत गेले आणि घडी न मोडलेला शेला घेऊन आले. "त्याच्याच नावाचा होता," म्हणाले आणि त्याच्या अंगावर पांघरला. काकूंनी तोंडावर पदर घेतला.  

तेरवी झाल्यावर मी त्याच्या खुर्चीत बसलो. चिलखताच्या साच्याची प्रत काढली, नवं नाव दिलं, प्रफुलचं चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून साच्याला तिकडचा पत्ता दिला, वस्तूची नवी नोंद केली. मग जुन्या जागेवरचं चित्र काढून टाकलं. खेळ सुरू केला आणि पाहतो तर चिलखत ठीक, हात मात्र जांभळे. हातमोज्यांचा नवा पत्ता लिहिताना एक अक्षर चुकलं होतं. चित्र सापडलं नाही की खेळ तो भाग जांभळा दाखवतो. एवढीशी चूक, दोन मिनिटांत सुधारली. पण त्याचे सुजलेले हात आठवून मला बसवेना...

मग काकूंना बोलावलं. एकेक गुहा फिरवून दाखवली. सगळे मेलेले आपापल्या साध्या लोखंडात होते. काठाचं चिलखत एकच, एका पेटीत, प्रफुलच्या नावानं.

"आता कोनाच मेलेल्याच्या आंगावर नाही ना तो काठ?"

"नाही, काकू."

त्या उठल्या आणि दाराशी जाऊन अंगणाकडे वळल्या.

"एक सोडून," म्हणाल्या.