नंबरमास्तर आणि हरलेला अध्यक्ष

नंबर लावल्याशिवाय या माणसाला घास गिळता येत नसे. कुणाकडे पोहे खाल्ले की बशी खाली ठेवायच्या आत, "अख्ख्या श्रूजबरी गावात दुसरे. पहिले कुलकर्णीकाकूंचे." त्या घरची सून परत बोलवायची नाही, पण मास्तरांना त्याचं काही नाही. नागपूरला शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, इथे मुलीकडे राहायचे. आम्ही सगळे त्यांना नंबरमास्तरच म्हणायचो.

मी चौथी पास. सांगलीत गॅरेजात ट्रकचे स्प्रिंगचे पाटे बदलण्यात जन्म गेला, मग मुलाने इकडे अमेरिकेत आणलं. मला सिटिझन व्हायचं होतं ते एकाच कारणासाठी. पंधरा-सोळा वर्षं या गावातला बर्फ उपसला, आणि मतदानाच्या दिवशी मुलगा-सून तयार होऊन निघायचे, मी सोफ्यावर. ते मला सोसेना. एकदा इंटरव्ह्यूत नापास झालो होतो, आता त्या अर्जावरचा दुसरा आणि शेवटचा चान्स. माझ्या वयाला परीक्षा मराठीतून देता येते, दुभाषी घेऊन. तयारी करून घ्यायला मास्तर बुधवारी माझ्याबरोबर लायब्ररीत बसायचे.

बसायचे म्हणजे भांडायचे. मला हवी होती नुसती उत्तरं. मास्तर म्हणायचे, "उत्तर पोपटही देतो, अण्णा. हा देश नवा होता तेव्हा कशाने घडला ते सांगा. नंबर लावा." राज्यघटना त्यांनी स्पर्धेत धरलीच नव्हती. "तो पाया. पायाला नंबर नसतो." लुईझियानाची जमीन घेतली तो तिसरा नंबर. पहिला अध्यक्ष दोनदा निवडून आला, तिसऱ्यांदा नको म्हणून आपल्या शेतावर गेला, तो दुसरा. आणि पहिला? त्याच्यानंतरचा अध्यक्ष निवडणूक हरला आणि खुर्ची विरोधकाला सोडून चालता झाला, तो.

इथे माझं डोकं फिरायचं. हरल्यावर गेला त्यात काय मोठं? लोकांनी हाकललेला माणूस! "स्वतःहून उठला तो मोठा," मी म्हणायचो.

"काहून हो अण्णा, पोट भरल्यावर पानावरून कोणीही उठतो. भुकेल्याने उठून दाखवावं."

"तुमचा तो शपथविधीलाही थांबला नाही. पहाटेच पळाला. तुम्हीच सांगितलंत!"

"रुसला ना? रुसू द्या. फौज घेऊन बसला नाही. गेला!"

लायब्ररीतली बाई ओठांवर बोट ठेवायची. बुधवार संपायचा, आणि सिनेटर किती ते शिकायचं राहूनच जायचं. मग ते घरी येऊन नातीकडून पाठ करून घ्यायचं.

इंटरव्ह्यूला दुभाषी म्हणून मुलाच्या मित्राची बायको आली, पुण्याची. साहेबाने विचारलं, फ्रान्सकडून कोणता प्रदेश विकत घेतला?

"लुईझियाना. पण त्याचा नंबर तिसरा."

ती कुजबुजली, "काका, प्लीज, एवढंच आन्सर पुरे."

"सांग त्यांना. पहिला नंबर स्वतःहून घरी गेलेल्या अध्यक्षाचा. आमचे मास्तर चुकतात."

तिने घाबरत घाबरत सांगितलं. साहेबाने माझ्याकडे जरा पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पास झालो.

पेढे घेऊन तडक मास्तरांकडे गेलो. पेढा तोंडात टाकून म्हणतात, "पास झालात, पण सरकारी माणसाला चुकीचा नंबर सांगून आलात." अभिनंदनाचा एक शब्द नाही. मी चहा न घेता उठलो.

त्याच हिवाळ्यात मास्तर झोपेतच गेले. भांडण अर्ध्यात टाकून. असं कोणी जातं का? मला अजून राग येतो.

बर्फ वितळल्यावर गावची निवडणूक आली. माझं पहिलं मत. आमच्याच रस्त्यावरच्या एकाला दिलं, त्याच्या प्रचाराची पाटी आमच्या लॉनवर होती. तो हरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तो एकटाच घरोघरच्या आपल्या पाट्या उपटत फिरतोय. चेहरा उतरलेला, दाढीसुद्धा केलेली नाही. आमच्याकडची काढली, मान हलवली, पुढे गेला. समोरच्या लॉनवर जिंकलेल्याची पाटी वाऱ्याने आडवी झाली होती. तिच्यापाशी थांबला. चार पावलं पुढे गेला, परत आला, ती सरळ केली, बुटाने दाबून पक्की रोवली आणि आपल्या पाट्या काखेत मारून घरी गेला.

मास्तर असते, तरी हे मी त्यांना सांगितलं नसतं.