साडू विश्वस्त होतात

चष्मेवाल्यांना त्यांच्या साडूंचं हसणंसुद्धा सहन होत नसे. स्वभाव तसा गरीब, चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, रविवारी चर्चमध्ये उपासनेला पुढच्या बाकावर हजर. पण बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा समोर आला की त्यांचा सगळा गोडवा आटायचा. साडू मोटार चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याने गाडी कुंपणात घातली तरी हसायचे. सासूबाई औषध कोणतं घ्यायचं ते मोठ्या जावयाला न विचारता त्यांना विचारायच्या. साडूंनी चार शब्दांची प्रार्थना केली तरी लोकांचं 'आमेन' खणखणीत यायचं. चष्मेवाल्यांच्या लांबलचक प्रार्थनेत मात्र कोणीतरी हमखास खोकायचं.

एकच जागा त्यांची स्वतःची होती. मोठ्या रुग्णालयामागे चर्चची मंडळी एक घर चालवत असे. परगावच्या रोग्यांचे नातेवाईक तिथे फुकट राहत, मागच्या अंगणात स्वयंपाक करत, कपडे वाळत घालत. संध्याकाळी ज्याला हवं त्याच्यासोबत प्रार्थना होई. त्या सेवाकार्याच्या विश्वस्त मंडळावर चष्मेवाले कित्येक वर्षं होते. तिथे साडू नव्हते.

मग एक जुने विश्वस्त देवाघरी गेले आणि रिकाम्या जागेसाठी पाळकसाहेबांनी नेमकं साडूंचं नाव पुढे केलं.

"माणूस सगळ्यांचा आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"आहे ना," चष्मेवाले म्हणाले आणि घोटभर पाणी प्यायले.

मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरबाई. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची पद्धत अशी, की नवा माणूस आधी एका बैठकीला पाहुणा म्हणून बसवायचा. नुसता देवभोळा नको, त्याला तोंडही असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्या बैठकीत पाळकसाहेबांनी मागच्या अंगणात प्रार्थनागृह बांधायचा नकाशा टेबलावर पसरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. चष्मेवाल्यांनीही डोलावली. लोक चूल कुठे मांडणार, हे त्यांच्या मनात आलं होतं. पण पाळकसाहेबांना वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते गिळलं.

साडू नकाशावर वाकले. "साहेब, इथे बायका स्वयंपाक करतात. त्यांना विचारलंय का कोणी?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "नाही," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं, ते चष्मेवाल्यांच्या वाट्याला इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं. आपल्याच तोंडातला घास कोणी काढून नेला असं त्यांना झालं.

साडूंना बाहेर बसायला सांगितलं. डॉक्टरबाईंनी एकेकाचं मत विचारलं. चष्मेवाल्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"माणूस उत्तम. पण ते माझे साडू. एका मंडळावर दोन जवळचे नातेवाईक असू नयेत. उद्या लोक म्हणतील, घरचाच कारभार झाला."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. मनातलं विष किती स्वच्छ ताटात वाढता आलं.

डॉक्टरबाईंनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. हे आपण आधीच पाळायला हवं. म्हणजे दोघांपैकी एकच." मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमचीही मुदत या बैठकीत संपते. दर वेळी आपण न विचारता वाढवतो. आज विचारू. तुम्हीही जरा बाहेर बसता का?"

बाहेरच्या अरुंद बाकावर साडूंनी सरकून जागा केली.

"तुम्हाला का काढलं, दादा?"

चष्मेवाल्यांनी नियम सांगितला. साडूंना हसू फुटलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते थांबले.

"मी आत जाऊन माझं नाव काढून घेतो."

"नको." ही मेहेरबानी तर मुळीच पचली नसती. "तुम्ही मोठेपणा केलात की मला आणखी लहान व्हावं लागतं. लग्नापासून हेच चाललंय."

साडू स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाले, "मला वाटायचं, तुम्हाला मी उथळ वाटतो. म्हणून तुमच्यासमोर जास्तच हसायचो."

दार उघडलं. डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावलं आणि साडूंचं अभिनंदन केलं. चष्मेवाल्यांनी साडूंचा हात हातात घेतला, दाबलाही, पण छातीत भट्टी पेटलेलीच होती.

अंगण तसंच राहिलं. प्रार्थनागृह पुढच्या खोल्यांवर चढवायचं ठरलं. चष्मेवाले काही आठवडे तिकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी गेले, कारण एका आजारी मुलाच्या आईने दुकानात येऊन विचारलं, "तुम्ही आता प्रार्थनेला का येत नाही?" अंगणात बायका साडूंचं नाव घेत होत्या. ते त्यांना लागलं. तरी ते बसले, आणि प्रार्थना आखूड केली.

घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "पण नियम तुम्ही बरोबरच सांगितला होता."

"हो," चष्मेवाले म्हणाले. "तेच तर जास्त झोंबतं."