कमलाकरने बंद पाडलेला सिनेमा

कमलाकर गजभियेने उभ्या आयुष्यात एकच इंग्रजी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि तिनेच त्याचा घात केला.

लंडनच्या इल्फर्डमध्ये सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस. नागपुरात दहावीलाच शाळा सुटली. इंग्रजी शिकला ते प्रवाशांनी सीटवर टाकून दिलेल्या पेपरांवरून. त्याच इंग्रजीच्या जोरावर त्याने लायब्ररीचे तास कापू दिले नाहीत, म्हाताऱ्यांचा बसस्टॉप हलवू दिला नाही. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये कमलाकर उभा राहिला की अध्यक्ष आधी पाणी प्यायचा. याचा त्याला कोण अभिमान!

तर झालं असं, की तिथल्या एका कम्युनिटी हॉलने रविवारी दुपारी इटलीतल्या युद्धावरचा सिनेमा लावायचं जाहीर केलं. सिनेमा एका जाडजूड कादंबरीवरून काढलेला. कमलाकरने ती लायब्ररीतून आणली आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन सहा आठवड्यांत संपवली. पाचशे पानांत इंग्रज, अमेरिकन, जर्मन, सगळे हजर. एका खेचरालासुद्धा नाव होतं. आपला शिपाई मात्र औषधालाही नाही. त्या डोंगरांत आपली हजारो पोरं लढली, मराठा पलटणी लढल्या, आणि यांना दोन ओळी सुचू नयेत? त्याचं डोकंच फिरलं. मंदिराबाहेर, गुरुद्वाऱ्याबाहेर उभं राहून त्याने हा सिनेमा लावू नका म्हणून चारशे सह्या जमवल्या. सिनेमा बघितलास का, असं कुणी विचारलं की उत्तर तयार असे: मी पुस्तक वाचलंय.

ते ऐकून लोक सही करून मोकळे होत. वाचलं होतं कुणी?

सुमनताईंचा फोन आला तेव्हा तो बॅनर रंगवत होता. सुमनताई म्हणजे साताऱ्याकडच्या, ऐंशी ओलांडलेल्या, इथल्या इस्पितळात नर्स म्हणून जन्म काढलेल्या. त्यांचे वडील मराठा पलटणीत, इटलीत एक नदी ओलांडताना मारले गेले, तेव्हा त्या चार महिन्यांच्या होत्या. ना बापाचं तोंड पाहिलं, ना ती नदी. आता डोळ्यांच्या पडद्याचा आजार जडलेला. नजरेच्या मधोमध काळा डाग, कडेकडेने काय दिसेल ते दिसेल. टीव्ही केव्हाच बंद झालेला.

"कमलाकर, एवढी एक दुपार जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "तिथला पडदा मोठा असतो. पुढे बसून मान वाकडी केली की मला थोडं दिसतं."

"ताई, तुमच्या वडिलांसाठीच तर भांडतोय मी. ज्यात ते नाहीतच, ते बघून काय करणार?"

"ती नदी, ते डोंगर तरी असतील ना."

बाई मानी. दुसऱ्यांदा विनवणी करणाऱ्यातल्या नव्हत्या. आणि कमलाकर ऐकणाऱ्यातला नव्हता. हॉलवाले घाबरले, सिनेमा रद्द झाला, त्या संध्याकाळी कमलाकरने पेढे वाटले. एक पेढा सुमनताईंनाही दिला. त्यांनी तो खाल्ला.

दोन महिन्यांनी त्यांची नात तनया हिने त्याला सिनेमाची लिंक पाठवली. खाली फक्त लिहिलं होतं, अंकल, आता तरी बघा. कमलाकर पेन घेऊन बसला, चुका काढायला. तासाभराने पडद्यावर मराठा पलटण आली. सिनेमावाल्यांनी पुस्तकात नसलेलं प्रकरण स्वतः घातलं होतं. पोरं मराठीत बोलत होती, एकमेकांना शिव्या घालत नदीत उतरत होती. अकरा मिनिटं. त्याने घड्याळ लावून मोजली, परत मागे नेऊन मोजली. मग पेनाला टोपण घातलं.

हॉलवाल्यांकडे गेला, चुकलो म्हणाला. हा शब्द त्याने तिथे कधी उच्चारला नव्हता. ते लोक भले, त्यांनी मे महिन्यातली तारीख काढली. पण एप्रिलपर्यंत सुमनताईंच्या कडेचा उजेडही गेला होता.

तो त्यांच्या घरी गेला. माफी मागितली, तर त्यांनी हात हलवून विषय बाजूला सारला आणि विचारलं, आहे का रे नदी?

आहे म्हणाला. आणि सुरू झाला: आपली माणसं कशी आघाडीवर होती, इतिहासाने त्यांना कसं पुसलं, या सिनेमाने कशी दखल घेतली.

"भाषण नको," सुमनताई म्हणाल्या. "काय दिसतं ते सांग. पाणी कसं आहे? पलीकडे झाडं आहेत का? गावाकडच्या नदीसारखं काही?"

कमलाकरने तोंड उघडलं. पोरं किती होती ते त्याला आठवलं. बावीस. बोलणारी सहा. कोणाच्या खांद्यावर कोणता बिल्ला होता, तेही आठवलं. पाणी काही आठवेना.

सुमनताई वाट पाहत होत्या, चेहरा त्याच्या आवाजाच्या दिशेने किंचित वाकडा करून.

"ताई," तो म्हणाला, "मी नदी नीट बघितलीच नाही."