काकांनी दारू बदलली

दारूवाले काका आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. पंचशीलातलं पाचवं शील ते इतक्या कडकपणे पाळत की कुणाच्या घरी ट्रायफलचं पुडिंग पुढे आलं तर आधी चमचा नाकाशी नेत, आणि त्यात शेरी वाइनचा जरा जरी वास आला तरी बाउल मुकाट्यानं शेजारच्याकडे सरकवत. तरीही नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळींत ते ह्याच नावानं ओळखले जात. कारण त्यांच्या गॅरेजमध्ये दारू होती. बंदुकीची.

काका हॉस्पिटलच्या फार्मसीतून नुकतेच रिटायर झाले होते. मी त्याच हॉस्पिटलात नर्स, आणि राहायला त्यांच्यापासून दोन घरं सोडून. दर शनिवारी ते शहराबाहेर एका जुन्या खाणीत भरणाऱ्या रायफल क्लबला जात आणि कागदाच्या टार्गेटवर नेम धरत. फक्त कागदाच्या, जीव न घेण्याचं पहिलं शीलही तितकंच कडक होतं. "कागदाला जीव नसतो आणि तक्रार नसते," ते म्हणत. "फार्मसीच्या खिडकीत दोन्ही असायचं."

काडतुसं ते विकत घेत नसत, स्वतः भरत. पितळेची रिकामी नळी घ्यायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. हे सगळं गॅरेजमधल्या बाकावर चाले. त्यांचा वजनाचा काटा इतका नाजूक की समोरच्यानं उसासा टाकला तरी हलायचा. त्यामुळे चहा घेऊन आलेल्या मंगलकाकूंना दारातच हुकूम मिळे, "श्वास धर."

"लग्न झाल्यापासून धरलाय," काकू म्हणत आणि कप वॉशिंग मशीनवर ठेवून निघून जात.

नावाची गोष्ट अशी. जयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी माइक पुढे करून विचारलं, "रिटायर झाल्यावर काय करता?" काका अभिमानानं म्हणाले, "घरीच असतो. दारू भरतो." पुढच्या आठवड्यात डर्बीहून एक कळकळीचे गृहस्थ त्यांना समजवायला आले. व्यसन, संसार, मुलीचं लग्न असं बरंच बोलले. काकांना वाटलं, माणसाला विषय आवडलेला दिसतोय, लाजतोय बिचारा. त्यांनी प्रेमानं त्याचा हात धरला आणि "या, दाखवतो" म्हणत त्याला गॅरेजमध्ये नेलं. गृहस्थ अर्ध्या वाटेत परत फिरले म्हणतात.

मग एक दिवस काकांच्या मुलीचा, रुपाचा, मला फोन आला. रुपा इथलीच, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "ताई, बाबाचा दारू बंद झाला. He's not eating. तू येते का, प्लीज?"

मी गेले तर काका सोफ्यावर सुतकात बसल्यासारखे. ते वर्षानुवर्षं जी दारू वापरत होते ती कंपनीनं बनवायची थांबवली होती. दुकानदारानं दुसऱ्या नावाचा डबा हातात देऊन सांगितलं होतं, ही प्रॅक्टिकली तीच.

"प्रॅक्टिकली!" काका म्हणाले. "हा शब्द माझ्या फार्मसीत कुणी काढला असता तर मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं असतं. ब्रँड बदलला की डोस बदलतो. दारू बदलली की पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसायचं."

आणि खरंच ते पहिलीत जाऊन बसले. नव्या दारूच्या कंपनीनं दिलेल्या कोष्टकात सगळ्यात कमी वजन होतं तिथून त्यांनी सुरुवात केली. दर शनिवारी किंचित वाढवायचं, नेम बघायचा, रिकामी नळी भिंगाखाली धरायची, मगच पुढे. पहिल्या शनिवारी त्यांच्या गोळ्या टार्गेटच्या खाली मातीत जाऊन बसल्या. क्लबातले लोक हसले. काका घरी आले ते खुशीत. "ती सभ्य आहे," ते म्हणाले, "पण अजून ओळख वाढवायची आहे."

ह्या ओळखीत अडचण एकच, कॉलिन. कॉलिन म्हणजे काकांचा क्लबातला जिवलग. पूर्वी बस चालवायचा. दाराएवढा रुंद, मनानं लोण्यासारखा आणि स्वभावानं कायम दहा मिनिटं उशीर झालेला. काकांचं नाव सिद्धार्थ, तो त्याचं सिड करून हाक मारी. काडतुसं भरायला तो काकांकडूनच शिकला होता, आणि काकांची दारू बंद झाली म्हणजे त्याचीही झाली. शेजारच्या क्लबाशी वर्षाची मॅच तोंडावर आलेली. त्या कपावर कॉलिनचा फार जीव. त्याला पहिलीत बसायला वेळ नव्हता.

मॅचच्या दिवशी काकूंनी सगळ्या क्लबासाठी बटाटेवडे केले होते, ते उचलायला मी बरोबर गेले. वारं असं की वड्यावरचा टिश्यू पेपर आधी डर्बीला पोचावा. कॉलिननं टीमच्या टेबलावर काडतुसांचा डबा ठेवला. काकांनी सहज विचारलं, "नवी दारू? किती घातलीस?"

"जुनी घालायचो तितकीच. पावडर म्हणजे पावडर, सिड."

काकांनी डबा बंद केला, खाली गवतात ठेवला, आणि त्याच्यावर बसले.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. कॉलिन म्हणाला, "ऊठ." काका म्हणाले, "नाही." कॉलिननं विनवलं, हसून पाहिलं, मग तो लालबुंद झाला. "ही तुझी फार्मसी नाही!" तो ओरडला. काकांची उंची कॉलिनच्या खांद्याखाली. बसल्यावर ते त्याच्या गुडघ्याशी आले होते आणि तिथून वर बघत शांतपणे सांगत होते, "तू मला उचलून बाजूला ठेवू शकतोस, कॉलिन. पण उचलावं लागेल."

कॉलिननं उचललं नाही. रेंजचा अधिकारी आला, त्यानं दोघांचं ऐकलं आणि कॉलिनचं नाव खोडलं. टीम एका माणसानं कमी झाली. काकांनी आपली अर्धवट ओळखीची काडतुसं झाडली आणि सगळ्यात कमी गुण मिळवले. कप गेला. कॉलिन डबा काखेत मारून, वडा न खाता गाडीत बसला.

त्यानंतर काही आठवडे काका क्लबात एकटे पडले. शेजारच्या बाकावरचे लोक नमस्कारापुरतं बोलत. "तुम्ही जरा गोड शब्दांत सांगायचं होतं," काकू म्हणाल्या. काका काट्याकडे बघत राहिले. "माझंच चुकलं असेल तर?" ते एकदम म्हणाले. "कदाचित काही झालंही नसतं, मंगल." त्या दिवशी त्यांनी काकूंना श्वास धरायलाही सांगितलं नाही, तेव्हा काकू घाबरल्या.

पण कॉलिन रागानं का होईना पहिलीत जाऊन बसला होता. सिडला खोटं पाडायचं म्हणून त्यानं कमी वजनापासून सुरुवात केली आणि चढत गेला. जुन्या वजनापर्यंत पोचायला बराच पल्ला बाकी असतानाच एका शनिवारी त्याच्या रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, अडकला. तळहातानं ठोकून उघडावा लागला. आतली नळी पोटाशी फुगली होती, टोपी चपटी झाली होती. आणि मॅचच्या काडतुसांत ह्याहून कितीतरी जास्त दारू होती. तेवढ्या दाबानं रायफल तोंडासमोरच फुटली असती.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे लोणचं द्यायला गेले होते तेव्हा तो आला. हातात तोच डबा. गॅरेजमध्ये त्या दोघांनी दुपारभर ती सगळी काडतुसं एकेक करून उघडली. गोळी वेगळी, दारू वेगळी. ठोकाठोक घरात ऐकू येत होती. मग कॉलिन म्हणाला, "मला नीट सांगायचं होतंस, सिड."

"सांगणार होतो," काका म्हणाले. "पण तू ऐकणार नव्हतास. म्हणून बसलो."

काकूंनी दोघांना वडे तळून दिले. कॉलिननं किती खाल्ले ते आम्ही मोजलं नाही.

पुढे काही वर्षांनी काकांचा हात थरथरायला लागला. एका सकाळी काट्याचं पारडं स्थिर होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच काटा बंद केला आणि पोलिसांना फोन करून लायसन्स परत देतो म्हणून सांगितलं. रायफल रीतसर कॉलिनच्या नावावर झाली. शनिवारी कॉलिन गाडी घेऊन येई, काकांना रेंजवर खुर्चीत बसवी आणि त्यांच्या मांडीवर ब्लँकेट टाकी. काका दुर्बिणीतून बघून सांगत, "डावीकडे. घाई केलीस."

काका गेले ते थंडीत. विहाराच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत खाली बसलेले, आणि त्यांच्यात कॉलिन, पांढरा शर्ट घालून, मांडी घालायचा प्रयत्न करत. वंदना झाली. बोलायचं का, म्हणून कुणीतरी त्याला खुणेनं विचारलं. तो बसल्या जागेवरूनच बोलला.

"ह्या माणसामुळे आम्ही कप हरलो," तो म्हणाला. चष्मा काढून शर्टाला पुसला. "डोळे मात्र दोन्ही शाबूत आहेत."

मग तो उठायला गेला, आणि गुडघ्यांनी नकार दिला. एका बाजूनं काकूंनी, दुसऱ्या बाजूनं रुपानं त्याला धरलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, तरी तो हलेना. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या.