व्याह्यांचं खोटं पोट

आमचे व्याही दर आठवड्याला आजारी पडतात. दिवस सुनबाई ठरवते.

ती नर्सिंगच्या मुलींना शिकवते. काही जणांच्या ऑपरेशनमध्ये आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून ठेवतात, त्याला स्टोमा म्हणतात. शौच तिथून बाहेर येऊन वर चिकटवलेल्या पिशवीत जमतं. आता ही पिशवी बदलायला मुली खऱ्या रुग्णावर कशा शिकणार? म्हणून सुनबाईने लालबुंद स्टोमा असलेलं रबराचं पोट आणलं, आणि ते बांधायला हक्काचं माणूस शोधलं. स्वतःचे वडील.

व्याही कोर्टात पट्टेवाले होते. साक्षीदारांना पुकारण्यात जन्म गेला, त्यामुळे खोटं किती गंभीर चेहऱ्याने बोलायचं असतं ते त्यांना पाठ. पिशवीत सोडायला सुनबाई पीठ आणि कॉफी कालवून शिजवते. पातेलं वेगळं आहे, असं ती सांगते. आम्ही कॉफी सोडली.

खरा रुग्ण पहिल्यांदा आपल्या पोटाकडे बघतच नाही. नर्सने गोडीगुलाबीने बघायला लावायचं असतं. व्याही मात्र कुणालाच बधले नव्हते, आणि त्याचा त्यांना गर्व झाला होता.

वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला लाजरी म्हणत. एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर वॉर्ड बंद, सामान बांधून घरी. मी आदल्या दिवशी म्हटलं, "व्याहीबुवा, पोरीसाठी जरा खाली बघा की."

"साक्ष फिरवू?" म्हणाले, आणि पेपर तोंडापुढे धरला.

परीक्षेत मला रुग्णाच्या नातेवाईकाचं काम होतं. खुर्चीत बसून काळजी करायची. ती मी आधीपासूनच करत होतो.

लाजरीने स्टोमाचं माप घेतलं, पिशवीच्या चिकट चकतीला बेताचं भोक कापलं, पिशवी चिकटवली. व्याही छताकडे बघत पडलेले.

"आजोबा, बघता का?"

"नाही."

"थोडंसं?"

"पंख्यावर धूळ आहे, ती बघतोय."

तेवढ्यात सुनबाईने लपवलेल्या नळीतून कॉफीचं कालवण सोडलं. ते पिशवीत आलं आणि तिथे न थांबता थेट व्याह्यांच्या पँटवर गेलं. पिशवी रिकामी करायच्या खालच्या तोंडाला चिमटा लावायचा राहिला होता!

"अगं आई गं!" व्याह्यांनी मान उचलून खाली बघितलं.

लाजरी पांढरीफटक पडली. वाटलं, आता रडते. पण तिने पिशवीचं तोंड बोटांनी दाबून धरलं.

"आजोबा, चिमटा मी विसरले. माझी चूक. आता बघितलंच आहे, तर तुम्हीच लावा. घरी तुम्हालाच लावायचाय."

"असं कोर्टात चालत नाही," व्याही पुटपुटले. पण लावला. आधी उलटा, मग तिने दाखवल्यावर सुलटा.

सुनबाई बराच वेळ लिहीत बसली. मी मान लांबवली, तर तिने कागद झाकला.

"चिमट्याचे गुण गेले," ती म्हणाली. "पण चूक लपवली नाहीस, रुग्णाला शिकवलंस. पास. वॉर्डात मात्र मी सांगेपर्यंत प्रत्येक चिमटा मला दाखवायचा."

"मी पोट बघितलं नाही," व्याही म्हणाले. "पँट बघितली."

"मग बाबा, चिमटा कुणी लावला?"

"लागला असेल."

तोवर लाजरी कोमट पाणी आणि फडकं घेऊन आली होती. "आजोबा, पाय वर घ्या," ती म्हणाली.

त्यांनी मुकाट्याने घेतले.