सांजरला बुडवलं ते आत्यानं

माझ्या बाबांना लोक सांजर ग्रहाचे जनक म्हणत. त्या ग्रहावरच्या त्यांच्या सहा कादंबऱ्या गाजल्या. ग्रह मात्र आत्याचा होता.

आत्या बाबांची थोरली बहीण. लहानपणी तिचा पाय मोडला आणि ती बरेच महिने खाटेवर पडून होती. तेव्हा जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तिनं हा ग्रह काढला. त्याची एकच बाजू कायम सूर्याकडे असते, त्यामुळे एकीकडे सतत भाजणारं ऊन आणि दुसरीकडे न संपणारी रात्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीत कायमची संध्याकाळ, आणि माणसं राहतात ती तिथंच. रात्रीकडच्या बर्फाच्या कडा वितळून नद्या निघतात, उन्हाकडे धावतात आणि वाटेतच आटून जातात. कुठल्याही समुद्राला न पोचणाऱ्या मोठ्या नदीचं नाव तिनं नकटी ठेवलं होतं. एका सुळक्याचं नाव होतं आजीची दाढ. नकटीच्या काठावर कवडसे नावाचं शहर होतं. खाटेच्या पायथ्याशी बसून बाबा या शहरातल्या माणसांच्या गोष्टी रचायचे.

पुढे आत्या पाणीपुरवठा खात्यात लागली. दिवसभर नळाच्या लाइनींचे नकाशे काढायची, आणि घरी आली की सांजरचे. बाबा लिहिताना अडले की तिला फोन करत. घाटातून सैन्य जाईल का, वारा कुठून येईल, अमुक खोऱ्यात काही पिकेल का. ती विचार करून सांगायची. पुस्तकात नकाशा तिचा असे, नाव एकट्या बाबांचं. तिनं कधी विषय काढला नाही आणि बाबांनीही नाही.

मग बाबांचा मोठा सत्कार झाला. आत्या इस्त्रीची साडी नेसून माझ्या शेजारी बसली होती. एका मुलीनं उठून विचारलं, हे नकाशे कोण काढतं? बाबा हसले आणि म्हणाले, "डोक्यात सगळं माझ्याच असतं. लहानपणी ताई रंग भरून द्यायची."

सभागृह कौतुकानं हसलं. आत्यानं टाळ्याही वाजवल्या. घरी जाताना ती माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होती.

त्याच वर्षी प्रकाशकांनी सगळ्या कादंबऱ्यांचा संच काढायचा ठरवला, सोबत भिंतीवर लावायचा मोठा नकाशा. नेहमीप्रमाणे नकाशा आत्याकडून थेट छापखान्यात गेला. बाबांनी तिचं काम कधी तपासलंच नव्हतं.

संच बाजारात आला आणि प्रकाशकांचा अभिनंदनाचा फोन आला. कशाबद्दल, ते बाबांना कळेना. त्यांनी नकाशा उलगडला. वर आत्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘सांजर, वळल्यानंतर’. तिनं ग्रह फिरवला होता. फार नाही, थोडासाच. रात्रीचं बर्फ उन्हात आलं होतं आणि संध्याकाळची अख्खी पट्टी पाण्याखाली होती. आजीच्या दाढेचं टोक तेवढं वर उरलं होतं. कवडशाच्या जागी निळा रंग. बाबांच्या टेबलावर सातवी कादंबरी अर्धी लिहून पडली होती, आणि तिचा नायक कवडशाला घरी परत निघालेला होता.

दुपारीच बाबा तिच्याकडे गेले. मी सोबत होते. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"ताई, हे काय केलंस?"

"रंग भरले," आत्या म्हणाली.

बाबा बराच वेळ बोलत राहिले. वाचक विचारतायत, प्रकाशकांनी सातव्या भागाची जाहिरातही केली, आता तो लिहू कसा. आत्यानं शेवटचा टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

"चूक झाली म्हणून सांग की. नकाशा माझा नाही, बहिणीचा आहे, सगळे तिचेच होते म्हणावं. एका वाक्याचं काम आहे."

घरी येईपर्यंत बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी बुडालेल्या सांजरवर लिहून पाहिलं. पण कुठली खिंड गोठली, नवी संध्याकाळ कुठं पडली, यातलं काहीच त्यांना सुचेना. फोन केला की आत्या शांतपणे म्हणायची, "ग्रह तुझा आहे ना, तुलाच माहीत." कागद फाडून फाडून ते थकले, पण ते एक वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. शेवटी त्यांनी जाहीर केलं की नकाशा हाच मालिकेचा शेवट आहे, पुढचं वाचकांनी कल्पनेनं भरावं. आणि लोकांनी तेही डोक्यावर घेतलं. असा धाडसी शेवट कुणी केला नाही म्हणाले.

मला वाटलं, आता आत्याचा तिळपापड होईल. ती म्हणाली, "वाजवू देत टाळ्या. प्रत्येक टाळीला त्याला मी आठवेन."

तुलाही वाईट वाटत असेल ना, मी विचारलं. सगळा जन्म त्या ग्रहावर घालवला होता तिनं.

"वाटतं. पण त्याला जास्त वाटतंय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात समाधान होतं.

बाबांनी त्यानंतर काही लिहिलं नाही. आत्याचं येणं-जाणं मात्र चालू राहिलं. ती जेवायची, चौकशी करायची, कधी आवाज चढवायची नाही. परवा माझ्या वाढदिवसाला जेवणं झाल्यावर बाबांनी ताटातच बघत हळूच विचारलं, "ताई, कवडशातली माणसं वाचली का गं?"

आत्यानं पाण्याचा पेला संपवला.

"नाही," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.

मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. खरंच कुणी नाही वाचलं का, मी विचारलं.

"काही जण डोंगरावर चढले असतील," आत्या म्हणाली. "पण ते मी त्याला सांगणार नाही. तूही सांगू नकोस."